चिमूटभर म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या पुरवणीत घरगुती उपायांचे सदर सुरू होते आणि खेड्यात ते मन लावून वाचले जाते. पेपर एका घरी येतो, चार घरी फिरतो, कात्रण स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटते. म्हणूनच एक तक्रार मनापासून करावीशी वाटते. त्या उपायांत ‘चिमूटभर मीठ’, ‘थोडी साखर’, ‘अंदाजे पाणी’ एवढेच छापलेले असते. वांग्याच्या भाजीला अंदाज चालतो; मीठ जास्त पडले तर एक भाकर जास्त लागेल. पण हगवण लागलेल्या दोन वर्षांच्या लेकराला जे मीठ-साखरेचे पाणी पाजायचे, त्यात माप चुकले की उपायाचा अपाय होतो.

ते माप असे: १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे ५ मिलीचा. आणि खरी गडबड इथेच होते. आपल्याकडे ‘चम्मच’ म्हटले की पोहे खायचा चमचा हाती येतो आणि त्यात ७ ते १० मिली मावते. त्यात मिठाची शीग लावली की मीठ दुपटीच्या वर गेलेच. यावर सोपी तोड आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचे छोटे मापटे येते, त्यावर ५ मिलीची रेघ असते. ते धुऊन ठेवावे. त्यात ५ मिली पाणी घेऊन घरातल्या चमच्यांत ओतून पाहावे. जो चमचा काठोकाठ भरतो तोच मापाचा चमचा. त्याला दोरा बांधून वेगळा ठेवावा. मीठ घेताना सुरीच्या पाठीने वरचे निपटून काढावे. खडे मीठ असेल तर आधी बारीक कुटावे, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते आणि माप खोटे पडते.

लिटरचेही तसेच. गडवा कुणाचा पाऊण लिटरचा, कुणाचा दीड लिटरचा. विकतच्या पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली हे खेड्यात सहज मिळणारे सर्वांत खात्रीचे माप आहे. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्यावे, झाकून थंड करावे, मग बाटलीने मोजावे. आधी मोजून नंतर उकळले तर पाणी आटते आणि मीठ दाट होते.

आता एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथले विहिरीचे, बोअरचे पाणी मुळातच खारट. वर दिलेले माप गोड्या पाण्यासाठी आहे. खाऱ्या बोअरच्या पाण्यात तेवढेच मीठ टाकले तर ते लेकराच्या अंगावर जाईल. उकळल्याने खार निघत नाही, उलट वाढतो. या पट्ट्यात मीठ-साखरेच्या पाण्यासाठी नळयोजनेचे गोडे पाणी किंवा फिल्टरच्या कॅनचे पाणीच घ्यावे. चवीची परीक्षा अशी: आधी फक्त मीठ विरघळवावे आणि चाखावे. डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट लागले तर ते पाणी फेकून नव्याने करावे. साखर टाकल्यावर चाखले तर खारटपणा झाकला जातो, चूक कळत नाही.

मीठ जास्त झाले तर रक्तातले क्षार वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण वाढते. मीठ आणि थोडी साखर बरोबर असली की आतडे दोन्ही एकदम शोषून घेते आणि त्यांच्यामागे पाणी अंगात जाते. हगवण चालू असतानाही आतड्याचे हे काम थांबत नाही. सगळा उपाय या एका गोष्टीवर उभा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून ते पाणी पाजले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या आत आले. तिथेसुद्धा पुड्या तोलून बांधल्या होत्या.

किती पाजायचे? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे चहाचा लहान कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. मोठ्यांना मागतील तेवढे. बाळाला चमच्याने, घोटघोट. ओकारी झाली म्हणून बंद करू नये. दहा मिनिटे थांबावे आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असे पाजावे. गटागट पाजले की पोट सगळेच परत फेकते आणि ‘याला पाणीही पचत नाही’ असा गैरसमज होतो. केलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे.

गावात ओआरएसची पुडी मिळत असेल तर मीठ-साखरेच्या पाण्यापेक्षा ती केव्हाही बरी, कारण तिच्यात पोटॅशियम असते आणि सायट्रेटही. आशाताईंकडे ती फुकट मिळते. पुडीची चूक वेगळी होते. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची, पूर्ण १ लिटर पाण्यासाठी. लोक ती एका ग्लासात टाकतात, किंवा रोज थोडी थोडी कागदातून काढतात. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला हा हिशेबही धरू नये, कारण चारही घटक पुडीत सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. दुधात, चहात, शीतपेयात ती कालवू नये. लहान पुडी २०० मिलीची असते. वर छापलेले वाचूनच पाणी घ्यावे. दुकानातली गोड फळपेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नावाचा असा वापर बंद केला. जुना माल कुणाच्या फळीवर उरला असेल तर तो हगवणीत पाजू नये. पुडीसोबत झिंकच्या गोळ्या मागून घ्याव्यात: सहा महिन्यांच्या वरच्या आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, पूर्ण १४ दिवस. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी गोळी चालूच ठेवायची; चौथ्या दिवशी ती कोनाड्यात विसरली जाते, हे फार घरांत होते.

हगवणीत पोट ‘रिकामे ठेवण्याची’ सवय मोडायला हवी. अंगावरचे दूध बंद करू नये, जेवणही नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तांदूळ घरचाच असतो, तिथे पेज उत्तम. अर्धी वाटी (सुमारे ५० ग्रॅम) तांदळाचे पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, १ लिटर आणि वर अर्धा कप पाण्यात टाकून ढवळत ७ ते १० मिनिटे शिजवावे, सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. साखर नको, शिजलेल्या पिठातूनच आतड्यात हळूहळू साखर सुटते. ती पिण्याइतकी पातळ राहिली पाहिजे. चमच्यावर थर धरू लागली तर पीठ जास्त झाले. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत पेज आंबते, मग देऊ नये. सोबत मऊ खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, चिमूटभर हळद (इथे चिमूट चालते), वरून चमचाभर तेल. केळे कुस्करून दिले तर मीठ-साखरेच्या पाण्यात नसलेले पोटॅशियम भरून निघते.

आंबील आणि पन्हे यांची जागा वेगळी आहे, आणि आपल्या सदरात हीच सरमिसळ जास्त दिसते. ही पेये धडधाकट माणसाची आहेत, घाम गाळणाऱ्याची. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) शेतात नांगरट, काडीकचरा वेचणे, तेंदूपाने तोडणे, रोजगार हमीचे खोदकाम चालू असते, त्यांच्यासाठी आंबिलीला तोड नाही. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ एक वाटी आंबट ताकात रात्री कालवून ठेवावे. मे महिन्यात चार-पाच तासही पुरतात; त्याहून जास्त ठेवले तर आंबट कडवटपणाकडे जाते. सकाळी गंजात (पातेल्यात) १ लिटर पाणी सपाट चमचाभर मीठ टाकून उकळावे. उकळी आली की एका हाताने पिठाची धार सोडावी, दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले की गोळे होतात आणि गोळ्याच्या आत पीठ कच्चेच राहते. पोट दुखते ते त्या कच्च्या पिठाने. मंद आचेवर १० ते १२ मिनिटे, फेस बसून चकाकी येईपर्यंत. पूर्ण थंड झाल्यावरच दोन वाट्या ताक घालावे, नाही तर ताक फाटते. तीन-चार लसूण पाकळ्या ठेचून, भाजलेले जिरे, वरून सांबार (कोथिंबीर). रक्तदाबाच्या माणसाला मीठ निम्मे. आंबील स्टीलच्या गंजात किंवा मातीच्या मडक्यात ठेवावी. कल्हई नसलेल्या पितळेत, तांब्यात कधीच नाही, कारण आंबटाने तांबे उतरते आणि मळमळ, ओकारी होते. ॲल्युमिनियमच्या डब्यातही सकाळची दुपारपर्यंत ठेवू नये.

पन्ह्याला कैरीचा देठ कापून अर्धा तास पाण्यात उलटी ठेवावी, चीक निघून जातो. तो राहिला तर घसा खवखवतो. निखाऱ्यात भाजलेल्या कैरीची चव उकडलेलीला येत नाही, हे मात्र खरे. जेवढा गर तोलून निघेल तेवढाच गूळ, अर्धा किलो कैरीमागे सपाट चमचाभर मीठ, जिरेपूड. गर काचेच्या बरणीत आणि ग्लासभर पाण्याला दोन मोठे चमचे. हगवणीत मात्र हे देऊ नये. एका ग्लास पन्ह्यातली साखर मीठ-साखरेच्या पाण्याच्या तीन-चारपट भरते, आणि वर सांगितले तसे ती पाणी आतड्यात ओढते.

आणि कांद्याबद्दल. कांदा खावा, भाकरीसोबत रोज खावा. पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही आणि तळपायाला चोळलेला कांदा उष्माघात उतरवत नाही; त्यात हातची वेळ जाते. ऊन लागलेल्या माणसाचे अंग तापले आणि तो बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. काखेत, मानेला, जांघेत ओली फडकी ठेवावीत. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा, पाणी ओतणाऱ्याने हात थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नये. ते श्वासनळीत जाते. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. सहा महिन्यांपर्यंत घुटी नको, पाणीही नको, फक्त अंगावरचे दूध (हगवणीत वर सांगितलेले पाणी आणि झिंक सोडून). तान्ह्या बाळाच्या नाका-छातीला कापूर लावू नये आणि कापराची वडी त्याच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेली तर झटके येतात. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही नको, वीस मिनिटे साध्या पाण्याची धार.

डोळे खोल जाणे, रडताना आसू न येणे, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसणे, शौचात रक्त, लेकरू पाणी पिईनासे किंवा मलूल होणे, सहा तास लघवी न होणे: यातले एक जरी दिसले तरी घरचा उपाय चालू ठेवूनच प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी. वाटेतही चमच्याने पाणी पाजत जावे.

आपल्याला विनंती इतकीच की यापुढे प्रत्येक उपायासोबत मिली किंवा चमच्यात माप, कोणत्या वयाला चालते ते, आणि दवाखान्यात कधी जायचे ते छापावे. मृग लागण्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मीठ-साखरेच्या पाण्याचे माप ठळक अक्षरात, चौकटीत, पानाच्या कोपऱ्यात द्यावे. मागच्या पानावर त्या जागी जाहिरात ठेवली तर कात्रण काढताना कुणाची बातमी फाटणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक
दर्यापूर तालुका, जि. अमरावती