जाम नट आणि अलाइनमेंटची जुनी बिले

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुंबई विभागीय कार्यालय.

विषय : टाय रॉड एंड बदलताना रॅक एंड कापल्याबद्दल व त्याचे पैसे माझ्याकडून घेतल्याबद्दल तक्रार.

महोदय,

गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला खड्ड्यात खटखट आवाज येत होता आणि स्टेअरिंग थोडे ढिले लागत होते, म्हणून मी ती आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. डावा टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, गेला आहे, असे तिथल्या अॅडव्हायझरने सांगितले. निदान बरोबर होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एस्टिमेटवर मी सही केली. संध्याकाळी हातात पडलेले बिल त्या एस्टिमेटच्या जवळपास तिप्पट होते. टाय रॉड एंडच्या जोडीला रॅक एंड (त्याच दांड्याचा स्टेअरिंगच्या रॅककडचा आतला रॉड), रॅकचा रबरी बेलो (त्यावरचे घड्यांचे आवरण) आणि 'जादा मजुरी'. विचारले तर उत्तर मिळाले, "काका, लॉकनट गंजून जाम झाला होता, गॅसने कापावा लागला. मुंबईची हवाच खारी, आम्ही काय करणार?"

लॉकनट म्हणजे टाय रॉड एंड आणि रॅक एंड यांचा जोड आवळून धरणारा नट. हवा खारी आहे, कबूल. मी माहीमला राहतो आणि पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातूनही गाडी काढलेली आहे. पण तुमचे वर्कशॉप याच शहरात आहे. इथे जाम नट रोजच निघणार, आणि तो सोडवणे हेच मेकॅनिकचे काम. परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून मी फिटर म्हणून निवृत्त झालो, म्हणून जरा हक्काने लिहितो. आधी वायर ब्रशने आटे साफ करायचे, गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू द्यायचे. रॅक एंडच्या चपट्या भागावर एक पाना धरून दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणजे रॉड फिरून बेलोला पीळ पडत नाही. तरीही नाही हलला तर बेलोची क्लिप काढून तो मागे सारायचा आणि नट, फक्त नट, गरम करायचा. इंडक्शन हीटर असेल तर ज्वालाही लागत नाही. अगदीच हट्टाला पेटला तर नट स्प्लिटरने फोडायचा. नट जातो, रॉडचे आटे वाचतात. नटाची किंमत ती काय!

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ वाचवण्यासाठीच तुमच्या माणसाने सरळ गॅस लावला असे मला वाटते. टाय रॉड एंड कापला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, तो भंगारातच जायचा होता. पण मी जुने भाग मागून घेतले आहेत. काप नटाच्या आतल्या बाजूला, चांगल्या रॅक एंडवर आहे आणि बेलो वितळून त्याला चिकटला आहे. त्याआधी मला एक फोनही केला नाही. जॉबकार्डवर माझा नंबर गाडीच्या नंबरच्या खालीच लिहिलेला आहे.

आता खरा मुद्दा. या गाडीचे व्हील अलाइनमेंट दरवर्षी तुमच्याच सेंटरमध्ये होते, बिले माझ्याकडे आहेत. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, जुळवायचा तर हाच लॉकनट ढिला करून रॉड फिरवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. मग गॅसशिवाय हलणार नाही इतका जाम झालेला नट गेल्या वर्षी कसा हलला? की हललाच नाही? दरवेळी टो बरोबरच निघाला, हात लावावा लागला नाही, असे तुमचे म्हणणे असेल तर मशीनचे आधीचे आणि नंतरचे आकडे असलेले प्रिंटआउट मला दाखवा. ते मला कधीच मिळालेले नाहीत. नट दरवर्षी सोडला असता आणि आट्यांना थोडे ग्रीस लावले असते तर ही वेळ आलीच नसती. म्हणजे गंज माझ्या खात्यावर आणि तो गंज काढायची मजुरीही माझ्याच खात्यावर!

आणखी एक गोष्ट आहे, ती पैशांहून गंभीर. घरी आल्यावर चाक पूर्ण वळवून पाहिले तर नकलवर (चाक ज्यावर बसते तो भाग) टाय रॉड एंड धरणारा नट जुनाच, गंजलेला. तो नायलॉनची रिंग असलेला नट आहे, एकदा काढला की पुन्हा वापरत नाहीत, रिंगची पकड राहत नाही. नव्या भागाच्या खोक्यात नवा नट येतो. तो कुठे गेला? शिवाय सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे कलते, म्हणजे यावेळच्या अलाइनमेंटचे पैसेही फुकट गेले.

रॅक एंड, बेलो आणि जादा मजुरीचे पैसे परत करावेत, अलाइनमेंटचे जुने प्रिंटआउट द्यावेत किंवा त्या बिलांचे पैसे परत करावेत. नकलवरचा नट मात्र लगेच बदलून हवा, त्यासाठी पत्रव्यवहाराची वाट पाहू नका. मी गाडी चालवत तुमच्याकडे आणणार नाही, नवा नट आणि टॉर्क पाना घेऊन माणूस इथे पाठवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. कापलेला रॅक एंड जपून ठेवला आहे. बिलांच्या प्रती आणि त्या भागाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, माहीम