हायमेनोप्लास्टीबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय सुनंदा,

पहिल्या रात्री रक्त यावं म्हणून लग्नाआधी हायमेनोप्लास्टी, म्हणजे योनिपटल शिवून पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया, करावी का, हा तुझ्या भाचीचा प्रश्न आडवळण न घेता विचारलास, बरं केलंस. लग्नाला तीन महिने आहेत, म्हणजे विचार करायला वेळ आहे.

आधी शरीराचं. योनिपटल म्हणजे तोंड बंद करणारा पडदा नव्हे. योनीच्या मुखाशी असलेली ती एक लवचिक घडी असते, कुणाची वलयासारखी, कुणाची अर्धचंद्रासारखी. जवळजवळ सगळ्यांत मध्ये वाट असतेच, नाहीतर पाळी बाहेर कशी येणार? संबंधांच्या वेळी ती नुसती ताणली जाऊ शकते. चिरली तरी रक्त दिसेलच असं नाही. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 36 गरोदर किशोरी तपासल्या, तर प्रवेश झाल्याची ठाम खूण फक्त दोघींत सापडली. गरोदर मुलींची ही गत, तर नवऱ्याला काय कळणार!

आता शस्त्रक्रिया. ती साधारण दोन प्रकारे होते. पटलाचे अवशेष पुरेसे असतील, तर त्यांच्या बऱ्या झालेल्या कडा किंचित कापून ताज्या करतात आणि विरघळणाऱ्या बारीक धाग्याने जोडतात. कडा ताज्या केल्या नाहीत, तर त्या एकमेकींना धरत नाहीत आणि टाके विरघळले की जोड सुटतो. अवशेष पुरेसे नसतील, तर योनीच्या आतल्या अस्तराची छोटी पट्टी फिरवून बसवतात. जागेवर भूल, हवं तर झोपेचं औषध, आणि तासाभराचं काम. त्याच दिवशी घरी जाता येतं.

लग्नाच्या दोन-चार दिवस आधी 'झटपट टाके' घालून देणारेही आहेत. त्यात जखम भरायला वेळच मिळत नाही. रक्त आलंच, तर ते टाका ओढला गेल्याचं, आणि दुखणं व जंतुसंसर्ग वर. जखम नीट भरायला निदान सहा आठवडे धर. पाळी संपल्यावर लगेच केलं, तर पुढच्या पाळीआधी बरे दिवस मिळतात. तोवर संबंध, टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप, पोहणं, सायकल बंद. लघवीनंतर कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपायचं, घासायचं नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो.

बिघडतं ते असं: टाके उसवतात, पू होतो, व्रण कडक होऊन पुढे संबंध दुखरे होतात. फार घट्ट शिवलं तर वाट अरुंद होते; क्वचित पाळीचं रक्त आत साचून पोटात कळा येतात. ताप, दुर्गंधी, पॅड भिजवणारं रक्त किंवा वाढती वेदना असेल, तर फोन करत न बसता दवाखान्यात जायचं.

आणि ज्यासाठी एवढं करायचं, त्या रक्ताची हमी कुणीही देऊ शकत नाही. जाहिरातीत 'शंभर टक्के' दिसलं की तिथून निघावं. सोबत लेझर 'टाइटनिंग'चं, म्हणजे योनी घट्ट करण्याचं, पॅकेज गळ्यात मारतात, तेही नको. नेदरलँड्समध्ये आधी समुपदेशन करतात. शरीराची खरी माहिती कळल्यावर तिथे बऱ्याच जणी शस्त्रक्रियेचा विचार सोडतात. मला तोच रस्ता बरा वाटतो. पण देह तिचा आहे, आपण दोघींनी निर्णय देऊ नये.

ती अठरा पूर्ण आहे, म्हणजे संमती तिचीच. आई-वडिलांची किंवा होणाऱ्या नवऱ्याची सही लागत नाही आणि डॉक्टरांनी ही गोष्ट बाहेर सांगायची नसते. कुणी जबरदस्ती केली असेल, तर मात्र क्रम उलटा: आधी वैद्यकीय तपासणी आणि उपचार, शिवणकाम नंतर. मेडिक्लेममध्ये हा खर्च धरू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणासाठी विचारत असशील, तर 2022 पासून तिथे ही शस्त्रक्रिया करणं गुन्हा आहे.

सासरकडून कौमार्याचा 'डॉक्टरचा दाखला' मागितला, तर सरळ नाही म्हणा. तसा दाखला देण्याला वैद्यकशास्त्रात आधारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कौमार्य चाचणी बंद करा असं सांगितलंय.

डॉक्टर निवडताना तिने एवढं विचारावं: कडा ताज्या करणार का, अस्तराची पट्टी घेणार का, कोणता धागा वापरणार, टाके उसवले तर पुढे काय, आणि त्याचे पैसे वेगळे पडणार का. उत्तरं कागदावर लिहून मागावीत. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच हवा, ब्यूटी क्लिनिक नको. तिला हवं असेल तर मला थेट फोन करू दे; तू मध्ये नसलीस तर ती जास्त मोकळं बोलेल.

तुझी,
माधुरी