युनिफॉर्मच्या शूजमुळे पाय बिघडतायत

संपादक महोदय,

हॉटेलात, कॅसिनोत, मोठ्या दुकानांत दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या आपल्या मुलींच्या पायांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझी भाची किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, युनिफॉर्मसोबत पुढे निमुळते काळे हीलचे शूज कंपल्सरी. परवा पाय बघितले तर अंगठ्याच्या मुळाशी लालभडक टणक उंचवटा आणि अंगठा शेजारच्या बोटावर चक्क रेललेला. शेजारच्या काकी म्हणाल्या हाड वाढलंय, हळद-चुना लाव.

हाड वाढलेलं नसतं हो! डॉक्टर याला बनियन म्हणतात. अंगठ्यामागचं तळव्यातलं लांब हाड एका बाजूला सरकतं, अंगठा उलट बाजूला कलतो आणि मधला सांधा बाहेर येतो, मग तोच शूजला घासून सुजतो. पायाची ठेवण घराण्यातून येते, म्हणून आजी, आई, मुलगी तिघींनाही असतं, सपाट पाय आणि संधिवात हीही कारणं आहेत, पण अरुंद शूज आणि हीलने त्रास नक्कीच वाढतो. उभं राहून एक्सरे काढला की अंगठा किती कलला ते कळतं, साधारण 15 डिग्रीपर्यंत ठीक, 40 च्या वर गेला तर गंभीर.

ऑनलाइन मिळणारे, बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे स्पेसर आणि रात्री बांधायचे पट्टे यांनी थोडा आराम पडतो पण मोठ्या माणसाचा अंगठा कायमचा सरळ होत नाही, जाहिरातीतल्या फोटोंवर कृपा करून पैसे घालवू नका. पुढे रुंद, कमी टाचेचे शूज हाच पहिला उपाय. कागदावर उभं राहून पाय आखायचा आणि त्यावर शूज ठेवायचा, रेघ बाहेर दिसली तर तो शूज तुमचा नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. एवढं करूनही चालताना दुखत असेल तर ऑपरेशन, त्यात हाड कापून सरळ करतात, सुमारे 6 आठवडे खास चप्पल आणि सूज जायला काही महिने. नुसतं दिसायला बरं नाही म्हणून कोणी करू नये.

डायबिटीसवाल्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 च्या अहवालात गोव्यात डायबिटीसचं प्रमाण 26.4 टक्के, देशात सगळ्यात जास्त. पाय बधिर असला की उंचवट्यावरची जखम कळतच नाही आणि ती चिघळते. जवळच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) हाडांच्या ओपीडीत दाखवा.

हॉटेलवाल्यांना एकच विनंती, शूजचा रंग तुम्ही ठरवा पण आकार आणि टाच मुलींना ठरवू द्या, त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत बसू नका.

– एक वाचक, म्हापसा