मोराचं भांडं

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर

प्रिय मंदे,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणार असशील तर घाल, पण आधी हे वाच. फोनवर सांगण्यासारखं नाही, तू मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठतेस. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच, यांची शुगर आहे तशीच.

शेजारच्या आजी केअर होममध्ये गेल्या. त्याच गं, तू आली होतीस तेव्हा तुला भोपळ्याचा 'पाय' (इथलं गोड पक्वान्न) खायला घालून वर डबाही भरून देणाऱ्या. जायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं, कपाटातून एक भांडं काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाल्या, हे तुझं. मी नको नको म्हणत होते तर हात घट्ट धरून ठेवला.

मंदे, काय भांडं आहे! गडद जांभळी काच, जड, कडेला कंगोरे. बाहेरच्या अंगावर मोर आहे, शेजारी कारंजं, भोवती फुलं. जरा तिरपं धरलं की मोराच्या अंगावरून हिरवा सरकतो, मग निळा, मग तांब्यासारखा लाल. बुडाशी वर्तुळात N आहे, त्याच्याखाली रेघ. मला आधी बाबूकाका आठवले. 'पोरींनो, काच वरून बघू नका, बुडातून बघा.' तसंच केलं. खिडकीशी उजेडात धरून बुडातून पाहिलं. तिथे वरच्या झगमगाटाचा फवारा पोचलेला नसतो, म्हणून मूळ काच दिसते. जांभळीच निघाली. असली काच जमवणारे इथले संग्राहकही अगदी हेच करतात. ओगलेवाडीच्या काचभट्टीवरचा माणूस आणि हे लोक, दोघांची नजर एकच!

ही कार्निव्हल ग्लास, म्हणजे अशी रंग बदलणारी झगमगती काच. N म्हणजे हॅरी नॉर्थवूड. इंग्लंडहून १८८१ मध्ये अमेरिकेत आला, आणि पुढे व्हीलिंगला, वेस्ट व्हर्जिनियात, कारखाना काढला. इथून गाडीने दोन-अडीच तासांवर. त्याचे वडीलही काचेतलेच, 'पोर्टलँड व्हाझ' या जुन्या रोमन फुलदाणीची काचेत नक्कल करून नाव कमावलेले. त्या काळात न्यूयॉर्कचा काचकलाकार टिफनी मोरपिसाच्या डोळ्यांच्या फुलदाण्या करत होता. असली एक १८९६ पासून तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, पण ते सगळं श्रीमंतांचं. नॉर्थवूडने आणि शेजारच्या फेंटनने तोच झगमगाट साच्यात दाबलेल्या काचेवर आणला आणि साध्या घरांच्या टेबलावर ठेवला. साच्यातून काढलेल्या गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा, की झाला मोर. कार्निव्हल हे नाव फार नंतरचं. मागणी संपल्यावर उरलेला माल जत्रेत बक्षीस म्हणून वाटला गेला, म्हणून ते चिकटलं असं म्हणतात. मोर तर सगळ्यांनाच हवा होता. फेंटनचा कलशापाशी आहे, द्राक्षांबरोबर आहे. मिलर्सबर्गचा काचकारखाना इथूनच जवळ, तो १९०९ ला सुरू झाला आणि तीन-एक वर्षांत बुडालासुद्धा, तरी तेवढ्यात मोर करून गेला.

आणि आता ऐक, म्हणजे सातवीतलं भांडण मिटेल. तू माझं मोरपीस पाण्यात बुडवलंस, रंग गेला, मी रडले, तळेकर बाईंनी दोघींना बाकावर उभं केलं. वाळल्यावर रंग परत आला तर तू म्हणालीस, माझ्या मंत्राने आला! अगं, १६६५ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने हेच लिहून ठेवलंय, की पीस भिजलं की रंग नाहीसे होतात. मोराच्या पिसात निळा रंगच नसतो. आत काळपट द्रव्याच्या बारीक काड्या ओळीने रचलेल्या असतात, उजेड त्यांच्यावरून परतताना निळा-हिरवा होतो. या भांड्यावरही रंग लावलेला नाही, एक अतिपातळ पापुद्रा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो. काचेवर मोर काढायचं ज्याला सुचलं त्याला हे शास्त्र ठाऊक असो नसो, त्याचा डोळा खरा होता. तुझा मंत्र मात्र रद्द.

आता काळजी. परवा आजींची मुलगी आली. आईच्या वस्तूंची यादी घेऊन फिरतेय, सगळं लिलावाला जाणार. यादीत 'मोराचा बाऊल' आहे आणि तो सापडत नाही म्हणून ती कामवाल्या बाईकडे संशयाने बघते. मी स्वयंपाकघरात उभी आणि भांडं माझ्या देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. आजींना आता कालचं आठवत नाही. त्यांनी दिलं हे मी आणि त्या, दोघींनाच माहीत. हे म्हणतात, देऊन टाक, शेजारधर्म सांभाळ. लेक म्हणतो, भेट ती भेट. मला दोघांचंही पटत नाही. त्या दिवशी आजी पूर्ण भानावर होत्या. मला सांगत होत्या, सासूबाई मोरपीस घरात येऊ द्यायच्या नाहीत, इकडे ते अशुभ मानतात, म्हणून काचेचाच मोर ठेवला आयुष्यभर. मी म्हटलं, आमच्याकडे तो कृष्णाच्या डोक्यावर आणि पैठणीच्या पदरावर. तेव्हाच त्या उठून कपाटाकडे गेल्या. भान नसलेलं माणूस असं देत नाही.

पण त्या बाईवर आळ येतोय आणि तेवढ्यासाठीच मला गप्प बसवत नाही. रविवारी मुलीला घरी बोलावलंय. भांडं टेबलावर ठेवून सगळं सांगणार. ती म्हणाली न्यायचं, तर लिलावात बोली मी लावणार, यांनी कितीही कपाळाला हात लावला तरी. जांभळं आहे, नारिंगी असतं तर एवढं महाग नसतं. रंगावर भाव ठरतो यांचा. तिने नुसतं 'आईने दिलंय ना' म्हटलं तर मी तिथेच रडेन, तुला माहीत आहे मी कशी आहे ते.

तुला काय वाटतं? आधी विकत घ्यायची गोष्ट काढू, की आधी आजींचं सांगू? बाबूकाका असते तर काय म्हणाले असते? रविवारच्या आत कळव, नुसता मेसेज केलास तरी चालेल.

सुनेचं बाळंतपण कुठे ठरलं, कराडला की तिच्या माहेरी? अप्पांच्या मोतीबिंदूचं काय झालं? ओगलेवाडीच्या काचकारखान्याच्या जागेवर आता काय उभं आहे त्याचा फोटो पाठव. आणि माझी पाककृतींची वही अजून तुझ्याकडेच आहे, ती या वेळी सुम्याबरोबर नक्की दे.

तुझी,
नीला