सिंकखालच्या कपाटाचंही कोटेशन मागा

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ओटे फोडण्याचे आवाज सुरू होतात. शटरचा (कपाटाच्या दाराचा) रंग, हँडल, टाइल्स निवडण्यात घरमालक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि कोटेशनमधले ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढे शब्द वाचून सही करतात. या शब्दांना बाजारात काडीचा अर्थ नाही. आणि मॉड्युलर किचन खराब व्हायला सुरुवात होते ती सिंकखालून.

वेस्ट पाइप जाण्यासाठी सुतार कपाटाच्या तळाला भोक पाडतो. शटरच्या कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लागतो, या भोकाची कड मात्र उघडीच राहते. वरच्या जोडातून झिरपणारं पाणी पाइपवरून ओघळत येतं आणि त्या कडेतून प्लायच्या थरांत शिरतं. साध्या एमआर ग्रेडच्या, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या प्लायचा गोंद सततची ओल सोसत नाही. तळ फुगतो, बाजूच्या फळ्या खालून भुसभुशीत होतात, बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात, दार खाली बसतं. दोष बिजागरीला दिला जातो, नवी बिजागरी येते आणि तीही सुटते. लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड असेल तर हे सगळं आणखी लवकर.

सगळं किचन आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लायमध्ये करणं परवडत नसेल तर निदान सिंकचं कपाट तरी 18 मिमीच्या 710 मध्ये करून घ्या. शीटवर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) छापलेला असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. तपासायचा तो कटिंगच्या आधी. लॅमिनेट चढल्यावर सगळे प्लाय सारखेच. भोकाची कड सीलरने बंद करून पाइपभोवती सिलिकॉन भरा, तळावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाका, कपाट 4 इंची पीव्हीसी पायांवर ठेवा. या एका कपाटाला मागची फळी लावूच नका. अँगल कॉकपर्यंत (भिंतीतून येणारं पाणी बंद करणाऱ्या छोट्या नळापर्यंत) हात पोचला पाहिजे आणि भिंतीतली ओल डोळ्यांना दिसली पाहिजे.

ओट्याची उंची ड्रॉइंगमध्ये सरसकट 34 इंच लिहिलेली असते. ती स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरावरून ठरवा: कोपरापासून साधारण 4 इंच खाली. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तेवढा भाग आणखी 2-3 इंच खाली घ्या, नाहीतर कढई खांद्याशी येते. हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, घेणार असाल तर मॉडेल हातात आल्याशिवाय ग्रॅनाइटला कटर लावू देऊ नका.

गॅसबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण शहरात एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन पोचते आहे आणि अनेक घरांत आज सिलिंडर, उद्या पाइप अशी स्थिती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जाळी खाली हवी. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका, तो वर चढतो. त्याला झरोका छताजवळ लागतो. दोन्ही ठेवा. पाइप ट्रॉलीमागे किंवा भिंतीत दडपू नका, मीटर आणि व्हॉल्व्ह हाताशी ठेवा. लाइन सरकवायची तर ते काम कंपनीचं, प्लंबरचं नव्हे. इंधन बदललं की बर्नरचे जेटही (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) बदलावे लागतात.

फरशी फोडणार असाल तर नव्या टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, ते वाळल्यावर फरशीतलं पाणी जायचं भोक बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत तपासा. सोसायट्यांनी परवानगी देताना ही अट लेखी घालावी. वरच्या-खालच्यांची निम्मी भांडणं तिथेच मिटतील. जुन्या बांधणीच्या घरात भिंतच स्लॅब पेलत असते, त्यामुळे ‘ओपन किचन’साठी ती पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. निघालेला राडारोडा नासर्डी नदीच्या काठावर टाकणाऱ्यांबद्दल वेगळंच पत्र लिहावं लागेल.

ओव्हन आणि इंडक्शनला 16 अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट, प्रत्येकाला 4 चौरस मिमीची वायर आणि आपला एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) द्या. चिमणीचा डक्ट 6 इंची ठेवा, वळणं कमीत कमी. डक्ट नसलेली चिमणी फोडणीचा धूर पुन्हा घरातच सोडते.

शेवटचा हप्ता देण्याआधी सिंक काठोकाठ भरा, खाली ट्रॅपभोवती (पाइपच्या वळणाभोवती) वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि बूच काढा. एकदम सुटलेल्या पाण्याच्या दाबाने कच्चा जोड लगेच उघडा पडतो. धार बारीक ठेवून घेतलेल्या चाचणीत तो कळत नाही. थेंब कागदावर दिसला तर हप्ता थांबवा.

– गृहसजावट व्यवसायातील एक वाचक, इंदिरानगर, नाशिक