पेन्सिलीने लिहिलेला तक्ता

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे फोनच्या लाइनी टाकणाऱ्या आधीच्या माणसाने "शंभर टक्के कॉपर" म्हणून छातीठोकपणे टाकलेल्या वायरचा तुकडा तुम्ही ब्लेडने खरवडलात, आणि तांबूस मुलाम्याखालून पांढरं अॅल्युमिनियम निघालं. क्रोनमध्ये, म्हणजे वायरी दाबून बसवायच्या पट्टीत, दाबली की तुटणारी, ओल लागली की भुकटी धरणारी वायर. पैसे मात्र तांब्याचे मोजून घेतले!

अकाउंट्सचं बोलणं स्टोअरच्या फोनवर ऐकू यायचं, त्यावरही तो मीटर लावायचा, बीप वाजली की "लाइन ओके" म्हणून चालता व्हायचा. बीप वाजणारच. टोकाशी वीतभर पीळ उसवला की सगळ्या पांढऱ्या वायरी सारख्याच दिसतात. निळ्याची पांढरी नारिंगीला, नारिंगीची निळ्याला, आणि दोन्ही टोकांना तीच चूक. वायर जोडलेली म्हणून बीप, पण पिळाची जोडी फुटलेली म्हणून एका लाइनचं बोलणं दुसरीत. तुम्ही टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलात म्हणून ते दिसलं.

वरच्या मजल्यावर 14 एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन, प्रत्येकाला एक पेअर, वायरींची एक जोडी. त्याने 10 पेअरची केबल टाकून उरलेल्या चार लाइनी जिन्यावरून लोंबत सोडल्या होत्या. तुम्ही 0.5 मिमीची 20 पेअर घेतलीत, सहा मोकळ्या ठेवल्यात. फोनच्या वायरी लाइटच्या पट्टीतून बाहेर काढल्यात, घूं घूं थांबली. गेटच्या केबिनला जमिनीखालून जेली भरलेली आर्मर्ड केबल, एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे येऊन जुळतात त्या पेटीत, विजेचा झटका जमिनीत उतरवणाऱ्या जीडी ट्यूब. पावसाळ्यात विजेची भीती तिथेच.

पण हे पत्र त्या तक्त्यासाठी. एमडीएफच्या दाराला आतून चिकटवलेला आखीव कागद: पेअर, रंग, एक्स्टेन्शन, टेबल. पहिल्या पाच जोड्या पांढऱ्याबरोबर: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. पुढे तेच पाच लालबरोबर, मग काळ्या, मग पिवळ्याबरोबर. सगळं पेन्सिलीने, कारण टेबलं हलतात. आणि खोडरबर दोऱ्याने बिजागरीला बांधलेला! बिलात याचा एक रुपया नाही. उलट तक्ता नसता तर दर बदलाला तुम्हालाच बोलवावं लागलं असतं. आपल्याच पोटावर पाय आणून गिऱ्हाइकाची सोय बघणारी माणसं अजून आहेत, हे त्या दारामागे कळलं.

परवा एक फोन दुसऱ्या टेबलावर हलवायचा होता. शिपायाने तक्ता वाचून 7 नंबरचा, लाल-नारिंगीवरचा जंपर, म्हणजे जोडणीचा वायरचा तुकडा, काढून 15 वर, काळ्या-करड्यावर टाकला. पाच मिनिटं लागली. तुमची ओळ खोडताना मात्र त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, खोडू ना, म्हणून.