चिखल उपसणाऱ्या हातांचे जाहीर आभार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेसह सखल भागातील घरे पाण्याखाली गेली. २००५ चा पूर पाहिलेल्या आम्हा जुन्या रहिवाशांनाही एवढ्या पाण्याची कल्पना नव्हती. पाणी ओसरल्यावर दारात गुडघाभर चिखल उरला. तो उपसायला जे आले, त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते.

रस्ते व गटारे साफ ठेवणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने नेमून दिलेले कर्तव्य आहे, हे खरे. परंतु ज्या सफाई कामगारांची स्वतःची घरे भिजली होती, तेच फावडी-घमेली घेऊन आधी आमच्या गल्लीत उतरले, हे कोणत्याही कलमात बसणारे नाही. ठाण्यासह बाहेरच्या महापालिकांची पथकेही धावून आली.

त्यांच्यापैकी एका ताईंना ओटीवरचा गाळ घमेल्यात भरताना माझ्या आईच्या फोटोची चौकट सापडली. त्यांनी ती पदराने पुसली आणि उन्हात कठड्याला टेकवून ठेवली. मी नाव विचारेपर्यंत त्या पुढच्या घरी गेल्या होत्या. टँकरवरच्या दादांनी आमच्या वृद्ध शेजाऱ्यांसाठी पाण्याच्या दोन कळशा स्वतः जिन्याने वर नेऊन दिल्या.

या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. तो फोटो आजही माजघरात आहे. काचेच्या कोपऱ्यातली गाळाची रेघ आम्ही पुसलेली नाही.